मामींनी मांडलेलं पान

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. ते मला कुणी सोपवलं नाही. बाकीच्यांना खरी कामं असतात, म्हणून हे उरलेलं माझ्या वाट्याला आलं. लग्नात, मुंजीत, पंगत उठून सुपारी फिरायला लागली की कुणीतरी म्हणतंच, "ती सांग रे, माकडांची." मग मी सांगतो, आणि आतून बायकोचा आवाज येतो, "मागच्या वेळी तीन होती. आता पाच कशी झाली?" मी म्हणतो, दरम्यान वाढली.

ही गोष्ट मात्र मला कुणी सांगायला सांगत नाही. हिच्यात भर घालायला माझाही हात धजत नाही. लिहायला घेतली ती तिकडच्या, महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी. आम्ही तंजावरचे. मराठी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते, पण वाचता फार थोड्यांना येते. मी नोकरीत काही वर्षं सोलापूरला होतो, तिथं दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकलो. त्यामुळे इथं मी लिहिलेलं घरात कुणाला वाचता येत नाही. धाडस आलंय ते त्यामुळे.

माझी सासू म्हणजे माझी मामी. आमच्यात मामाची मुलगी करायची रीत आहे. मी काही कर्तबगारी दाखवून बायको मिळवली नाही, ती मला रेशनकार्डासारखी जन्मतःच लागू होती. लग्नाआधी ती मला अरे-तुरे करायची, लग्नानंतर अहो-जाहो करायला लागली, आणि नेमका तेव्हापासूनच माझा मान उतरत गेला. तिचा भाऊ माझ्या वयाचा. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. वर्गातली सगळीच पोरं एकमेकांना 'मच्चान' म्हणायची, म्हणजे तमिळमध्ये मेहुणा. त्या साठ मेहुण्यांतला एकच पुढं खराखुरा माझा मेहुणा झाला.

त्यानं लग्न केलं नाही. ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होता, रोज मोपेडवरून जायचा-यायचा, आणि मामींजवळ राहायचा. मामी त्याला डबा भरून द्यायच्या. पन्नाशी उलटलेला माणूस, केस पिकलेले, आणि हातात आईनं बांधलेला डबा. आम्ही चिडवायचो. तो म्हणायचा, "तुम्हाला मिळत नाही म्हणून जळताय."

करोना ओसरल्यावरची गोष्ट. आडी महिना, म्हणजे तुमचा आषाढ-श्रावण, नदीला पाणी सोडलेलं. आडीच्या अठराव्या दिवशी आमच्याकडे कावेरीची पूजा असते, घाटावर बायकांची झुंबड उडते. त्या गर्दीच्या आधी स्नान उरकून येतो म्हणून तो पहाटे तिरुवैयारूला गेला. तो परत आला नाही. मोपेड घाटाजवळच्या चहाच्या टपरीशेजारी उभी होती, हँडल लॉक केलेली. चपला पायरीवर होत्या. शर्ट नाही, टॉवेल नाही, किल्ली नाही. पोलिसांनी शोधलं, कोळ्यांनी जाळी टाकली, पुढच्या बांधापर्यंत आणि कालव्यांच्या फाट्यांपर्यंत लोक जाऊन आले. काही मिळालं नाही.

मामींनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला.

"बुडायला जाणारा माणूस गाडीला कुलूप लावितो काय रे?"

"मामी, तो बुडायला नव्हता गेला. पाय घसरला असेल."

"आणि किल्ली? किल्ली त्याजपाशी आहे. ज्याला परत यायचं आहे तो किल्ली नेतो."

किल्ली कमरेला वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या गाठीत असेल आणि तीही त्याच्याबरोबर गेली असेल, हे उत्तर होतं. पण ते कुणाच्या आईला कसं द्यायचं? आदल्या रात्री त्या त्याला रागानं बोलल्या होत्या, "अजून किती वर्षं मी तुझे डबे भरू?" हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे त्यांच्या हिशेबी तो रागावून गेला होता, आणि राग ओसरला की येणार होता.

मग मामींना आम्ही आमच्या घरी आणलं. त्यांच्याबरोबर मोपेडही आली. लॉक केलेली, त्यामुळे ती टेंपोत उचलून घालावी लागली. आमचं घर वरच्या मजल्यावर आहे. मोपेड खाली जिन्यात ठेवली. जिना अरुंद. तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस पोट आत घेऊन, अंग चोरून वर येतो. माझ्यासारख्याला तर दोनदा श्वास सोडावा लागतो. एकदा मी म्हटलं, कुलूपवाल्याला बोलावून गाडी निदान मागच्या बाजूला सरकवू. मामी म्हणाल्या, "तो आल्यावर कुठं शोधील? इथंच असू दे."

बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याचं सगळं करायचं, असं शास्त्र आहे. घरच्या भटजींनी ते बिचकत बिचकत सांगितलं तेव्हा मामींनी त्यांना कॉफी दिली आणि म्हणाल्या, "म्हणजे बारा वर्षं मला कुणी काही बोलायचं नाही, हेच ना?" भटजींनी कॉफी अर्धी ठेवली.

दुसऱ्या वर्षी त्याचा फोन नंबर कुण्या दुसऱ्याला मिळाला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर त्याच्या नावापुढं एका अनोळखी बाळाचा फोटो दिसायला लागला. गुबगुबीत, काजळ लावलेलं बाळ. मी त्या नंबरावर फोन केला, कारैकुडीची एक बाई बोलली. मी सॉरी म्हणून ठेवून दिला. ग्रुपमधून तो नंबर काढून टाकला, आणि ही बातमी मी आणि बायकोनं दोघांतच ठेवली.

आता जेवणाकडे येतो.

आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचं एक मंडळ आहे. मंडळाचं कार्य विचाराल तर वर्षातून एकदा, पोंगल होऊन गेल्यावर, एकाच्या घरी सगळ्यांनी जेवणं. शाळेला आम्ही दोन पंखे आणि एक पाण्याची टाकी दिली आहे, तेवढं सोडलं तर आमचं सगळं सामाजिक कार्य पोटातच जातं. नियम दोन. ज्याचं घर त्याच्या घरचा स्वयंपाक. आणि पंगत एकच: सगळ्यांनी एकदम बसायचं, एकदम सुरू करायचं, एकदम उठायचं. हा दुसरा नियम शाळेत डबे खाताना मास्तरांनी लावलेला, तो आजतागायत मोडलेला नाही.

या जेवणाला मेहुणा कधी चुकला नाही. एका वर्षी त्याला कावीळ झाली होती, तरी आला. ताकभात खाल्ला आणि आमच्या पानांकडे बघत बसला. तो गेल्यानंतरची जेवणं दुसऱ्यांच्या घरी झाली. प्रत्येक वेळी मी घरी परतलो की मामी जिन्याच्या तोंडाशी उभ्या असायच्या.

"कोण कोण आले होते?"

मी एकेकाचं सांगायचो. त्या शेवटपर्यंत ऐकायच्या आणि आत जायच्या.

मागच्या वर्षी त्यांनी मला समोर बसवलं. "यंदा तुमचं जेवण इथं ठेव."

"यंदा पाळी दुसऱ्याची आहे, मामी."

"बदलून घे. तो परक्यांच्या दारी कसा येईल? लोक विचारणार, कुठं होतास. इथं ठेविलंस तर येईल. डांगर पचडी मी करित्ये. ती त्याला आणखी कुठं मिळणार?"

डांगर पचडी म्हणजे भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर हिंग-मोहरीची फोडणी. आमच्या मराठी घरांतली चीज. आमचे तमिळ मित्र तिच्यासाठी शाळेत आमच्या डब्यांवर धाड घालायचे.

मी म्हटलं, "आणि नाही आला तर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

"या जेवणाला तो चुकणार नाही. जिवंत असेल तर येईल."

असेल तर. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. बायको दारात उभी होती, तिनंही ऐकला. रात्री ती मला म्हणाली, "तुम्ही होय म्हणालात?"

"म्हणालो."

"तुम्हाला नाही म्हणायला कधी येणार? मलासुद्धा लग्नाच्या वेळीच नाही म्हणायला हवं होतं." मग तिचा आवाज बदलला. "अम्मानं स्वतःच पैज लावलीये. हरली तर तिचं काय करायचं आपण?"

मी नारळांचं बोलायला लागलो.

मंडळाचा सेक्रेटरी आमच्याच वर्गातला, सरकारी बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला. बसस्टँडवर घोषणा केल्यासारखा बोलतो. दर वर्षी पंगत बसण्याआधी दोन मिनिटं उभं राहून तो गेलेल्यांची नावं घेतो. मेहुण्याचं काय करायचं, हे त्याला कधी ठरवता आलं नाही. त्याचं नाव जिथं यायला हवं तिथं तो खोकायचा. एवढा मोठा खोकायचा की सगळ्यांना नाव ऐकू यायचं.

त्याचा फोन आला. "मच्चान, यंदा तुझ्या घरी आहे. काय करू? नाव घेऊ की खोकू?"

"कुणाचंच नाव घेऊ नकोस."

बायकोनं बाजूनं सांगितलं, "खोकूही नका म्हणावं."

तयारी चालली तशा मामी उजळत गेल्या. हे बघणं सगळ्यात कठीण होतं. कितीतरी दिवसांनी त्यांनी चांगली साडी काढली. बाजारातून मी कारली आणली, स्वस्त दिसली म्हणून. त्यांनी पिशवीत पाहिलं आणि कारली तशीच शेजारणीला देऊन टाकली. "कारलं श्राद्धाला. शुभाच्या पंगतीला कारलं आणितोस? पन्नाशी गेली तरी तुला अक्कल शिकवायची मीच काय?"

त्यांचं बरोबर होतं. या गोष्टी मला त्यांनीच शिकवल्या. सात-आठ वर्षांचा असताना एका लग्नात जेवण झाल्यावर मी केळीचं पान समोरच्या बाजूला, म्हणजे स्वतःपासून लांब, दुमडलं होतं. मामींनी धावत येऊन फाडकन्‌ हातावर मारलं. "कोण मेलंय इथं?" शुभाचं जेवण असेल तर पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे या घरी पुन्हा यायचं आहे. तेराव्याचं जेवण असेल तर पलीकडे दुमडायचं, म्हणजे असं कारण पुन्हा येऊ नये. तो फटका मला इतका पक्का बसलाय की हॉटेलातसुद्धा मी पान आपल्याकडे दुमडतो, मग बिल कितीही येवो.

प्रत्येक पाहुण्याला जाताना द्यायच्या तांबुलाच्या पिशव्या मी आणि बायकोनं भरल्या. नारळ, विड्याची पानं, सुपारी, एक केळं. मामी मोजायला आल्या आणि म्हणाल्या, "एक कमी आहे." कमी नव्हती. बायकोनं आणखी एक भरली.

त्या संध्याकाळी गच्चीवर मांडव घातला होता. घर विकणाऱ्यानं आम्हाला या गच्चीवरून मोठ्या देवळाचा कळस दिसतो म्हणून जास्त पैसे लावले होते. आता समोर लॉज झाला आहे, त्यामुळे पाण्याची टाकी दिसते. आमच्या वर्गाच्या गुडघ्यांचा विचार करून जमिनीवर पानं मांडायचं केव्हाच बंद झालंय. भाड्याची लांब टेबलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, त्यांवर कागद, कागदावर पानं, शेंडा डाव्या हाताला. पानं मी मांडली. वीस जण यायचे होते. मामी मागून आल्या. रांगेच्या मधोमध, जिथं जिना चढून येणाऱ्याची नजर आधी पडते, तिथं त्यांनी माझी पानं दोन्हीकडे सरकवली आणि एक पान आणखी मांडलं. शेंडा डावीकडे आहे ना, ते बघितलं. पाणी शिंपडून हातानं पुसलं.

आमच्याकडे मांडलेलं पान रिकामं उचलत नाहीत. मांडलं की त्यावर कुणीतरी जेवायलाच हवं. आणि जो नाही त्याच्यासाठी पान मांडून दुसऱ्याला त्यावर बसवायचं, हे आमच्याकडे एकाच दिवशी होतं. त्या दिवसाचं नाव घेण्याची माझी हिंमत नव्हती. मामींच्या हे ध्यानात आलं नसेल असं नाही. कारलं शेजारणीला देऊन टाकणारी बाई ती. पण त्यांनी जिवंत माणसासाठी पान मांडलं होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी त्यात अशुभ काही नव्हतं.

मित्र येत गेले. एकेक जण मोपेडपाशी अंग चोरून, धापा टाकत वर. मस्कतहून परतलेला, बँकेतून निवृत्त झालेला, शेतीवाला, मेडिकलवाला. सगळे मामींच्या पाया पडले. या सगळ्यांनी लहानपणी त्यांच्या हातचं खाल्लेलं. मामी प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होत्या आणि त्याच्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होत्या.

"काय रे, तुझे दात कुठं गेले?"

"घरी ठेवलेत अम्मा. तुमच्या पचडीला दात कशाला?"

सगळे हसले. मामीही हसल्या. मग लोक बसले. मधल्या पानाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या भरल्या. ती खुर्ची मात्र कुणी घेतली नाही. आमच्या वर्गात एकही हुशार विद्यार्थी नव्हता, पण एवढं सगळ्यांना कळलं.

मी आणि बायको वाढत गेलो. मीठ, लोणचं, कोशिंबीर, डांगर पचडी, वांग्याचा भात, मग पांढरा भात, त्यावर वरण. मधल्या पानावर मामींनी स्वतः वाढलं. पचडी बाकीच्यांपेक्षा जास्त. आता तूप वाढून मी 'सावकाश होऊ द्या' म्हणायचं, की पंगत सुरू. मी तुपाचं भांडं उचललं.

"थांब," मामी म्हणाल्या. "एक जण यायचा आहे."

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

पावलं मोपेडपाशी थांबली. काहीतरी घासलं गेलं. पुन्हा चढायला लागली. मामींनी पदर सारखा केला. बायकोनं माझं मनगट धरलं. तुपाचं भांडं माझ्या हातात हललं आणि थोडं तूप मस्कतवाल्याच्या मानेवर सांडलं. तो हललाही नाही.

वर आला तो कुंभकोणमवाला. बस उशिरा आली होती. हातात मिठाईचा खोका. "माफ करा, माफ करा," म्हणत त्यानं सगळ्यांवर नजर फिरवली, मधली खुर्ची रिकामी बघितली, "वा, माझं पान वाढून तयार!" म्हणाला आणि खुर्ची ओढली.

"ते नव्हे," सेक्रेटरी म्हणाला. सबंध आयुष्यात तो इतक्या हळू पहिल्यांदाच बोलला असेल. "तुझं इकडे. टोकाला."

कुंभकोणमवाला उभाच राहिला. त्याला कळायला एक क्षण लागला. मग तो खोका छातीशी धरून टोकाच्या खुर्चीवर जाऊन बसला.

आता यायचं कुणी राहिलं नव्हतं. वीस पानांवर वीस माणसं, आणि मधलं एक. मामी जिन्याच्या तोंडाशी उभ्या. भातावरची वाफ कमी होत गेली, मग दिसेनाशी झाली. वरणावर साय धरली. खालून रिक्षा जायच्या, समोरच्या लॉजमध्ये कुणीतरी टीव्ही लावला. मी तुपाचं भांडं घेऊन उभा. बायको माझ्याकडे बघत होती, काहीतरी बोला म्हणून. मी सेक्रेटरीकडे बघितलं, काहीतरी घोषणा कर म्हणून. तो पानावरचं मीठ बघत होता.

बँकवाला मधुमेहाचा रोगी. भात वाढायला लागलेला बघून त्यानं सवयीनं कोपऱ्यात जाऊन पोटात इंजेक्शन घेतलं होतं. ते घेतलं की लगेच जेवावं लागतं. आधी मला त्याचं कपाळ दिसलं, घामानं चमकणारं. थंडीचे दिवस होते. मग त्याचा हात. टेबलाच्या कडेवर ठेवलेली बोटं आपोआप हलत होती. शेजारी शेतीवाला त्याच्या कानात म्हणत होता, "दोन घास खा रे, काही होत नाही." तो मान हलवत होता. पंगत सुरू झालेली नव्हती.

बायकोनं बघितलं. ती जिन्यापाशी गेली. मोठ्यानं नाही बोलली. "अम्मा. त्याला चक्कर येतीये. साखर उतरतीये त्याची."

मामी वळल्या. त्यांनी बँकवाल्याकडे बघितलं, मग सगळ्या रांगेकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. टकली, पांढरी डोकी, सुटलेली पोटं, सगळी ताठ बसलेली, सगळ्यांचे हात मांडीवर. त्या पोरांना त्यांच्या दारात भुकेलं कधी कुणी बघितलं नसेल.

"लेकरं उपाशी बसलीत," त्या म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या कळलं नाही.

त्या सावकाश आल्या. मधली खुर्ची ओढली आणि बसल्या. पुरुषांच्या पंगतीत मामी बसलेल्या मी जन्मात बघितल्या नव्हत्या, माझ्या मित्रांनीही बघितल्या नसतील. खुर्ची त्यांना उंच होत होती. त्यांनी पान जवळ ओढलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूप वाढ."

मी वाढलं. आधी त्यांच्या पानावर. मग बाकीच्यांना.

"जेवा रे."

त्यांनी पहिला घास पचडीचा घेतला. मग सगळ्यांनी घेतला. बँकवाल्यानं आधी पानातलं केळंच सोलून तोंडात कोंबलं. कुणी पचडी छान झाली म्हटलं नाही. मी आणि बायको रस्सम घेऊन फिरलो, मग ताक. मामींनी कशालाच नको म्हटलं नाही. मी वाढत गेलो ते सगळं त्या खात गेल्या. वांग्याचा भात, पांढरा भात, पापड, पुरणपोळी. एरवी चिमणीएवढं खाणारी बाई. एकही शीत न टाकता त्यांनी ते पान संपवलं. घास गिळताना त्यांना त्रास होतोय हे दिसत होतं. बायको एकदा म्हणाली, "पुरे अम्मा." त्यांनी ऐकलं नाही. मेहुणा पानात कधी काही टाकायचा नाही, हे आम्हाला दोघांना माहीत होतं.

ताकभात झाला. सगळे थांबले, कारण उठायचं तेही एकदम. मामींनी डाव्या हातानं पेला उचलून पाणी प्यायलं. मग उजव्या हातानं पानाची जवळची कड धरली आणि पान स्वतःपासून लांब, पलीकडे दुमडलं. दुमडीवरून एकदा हात फिरवला.

माझ्या हातावर जुना फटका बसला तसं मला वाटलं. बायकोनं तोंडाला पदर लावला.

रांगेत कुणाला काय करावं कळेना. मस्कतवाल्यानं पान आपल्याकडे दुमडायला घेतलं होतं, तो अर्ध्यात थांबला. कुंभकोणमवाल्यानं पान तसंच उघडं ठेवलं. सेक्रेटरीनं चष्मा काढला, परत घातला, आणि पान पलीकडे दुमडलं. खोकला नाही. दोन-तीन जणांनी त्याचं बघून तसं केलं. बाकीची पानं उघडीच राहिली.

आमच्याकडे पाहुणा निघताना 'जाऊन येतो' म्हणतो. तमिळमध्येही तेच, मराठीतही तेच. नुसतं जातो कुणी म्हणत नाही. फक्त ज्या घरी माणूस गेलेलं असतं तिथून निघताना काहीच बोलायचं नसतं. माझे मित्र हात धुऊन एकेक करून निघाले. माझ्या खांद्याला हात लावून, मामींना लांबून हात जोडून. येतो कुणी म्हटलं नाही. तांबुलाच्या पिशव्या जिन्याजवळ रांगेनं मांडलेल्या होत्या, एकानंही घेतली नाही. ते सगळ्यात गडबड्या माणसांचं टोळकं, इतकी वर्षं एकमेकांच्या लग्नांत आणि वादांत आरडाओरडा केलेलं, ते जिन्यानं चपलांचा आवाज न करता खाली गेलं. मोपेडपाशी प्रत्येक जण थांबायचा, अंग चोरायचा, पुढं जायचा. बँकवाला तिथं जरा जास्त थांबला. सीटवरून हात फिरवला आणि गेला.

त्यांना खाली पोचवून वर आलो तेव्हा मामी न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या.

"पाणी तापव," त्यांनी बायकोला सांगितलं. "डोक्यावरून घ्यायचं आहे. तू पण घे."

सुतकाची बातमी आली की घेतात तशी आंघोळ. बायको गॅसपाशी गेली. लायटर तिच्या हातातून दोनदा पडला, मग मी लावला. पाणी तापेपर्यंत आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे होतो. मामींच्या चेहऱ्यावर रडं नव्हतं. थकवा होता, इतकी वर्षं एका जागी उभं राहिल्यासारखा.

त्या आंघोळ करून आल्या. ओले केस पाठीवर सोडलेले, टॉवेलात गुंडाळलेले नाहीत. मी गच्चीवरून तांबुलाच्या पिशव्या आत आणत होतो. एकवीस नारळ. यांचं काय करायचं या विचारात मी तिथंच थांबलो होतो.

"नारळ पिशवीतून काढून ठेव," मामी म्हणाल्या. "विड्याची पानं ओली आहेत. खाली बुरशी धरेल."

मी काढायला लागलो. त्यांच्या केसांतून पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"आणि ती गाडी," त्या म्हणाल्या. "वाटेत येते रे. सगळ्यांना अंग चोरून जावं लागतं."

"उद्या कुलूपवाल्याला आणतो," मी म्हटलं.

"आण."